चांदणीचा उजवा जबडा

परत येऊन आठ दिवस झाले, तरी उजव्या तळहाताला तो स्पर्श अजून चिकटून आहे. आधी शेवरीच्या कापसात बोटे बुडावीत तशी लोकर, उबदार, तळ न लागणारी. आणि मग एकाएकी, त्या मऊपणाच्या खाली, कण्याची उघडी धार. अल्पाका दुरून नेहमी गुबगुबीतच दिसतो. हात आत घातल्याशिवाय त्याची उपासमार कळत नाही.

अल्पाका म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या उंच पठारांवरचा, उंटाच्या कुळातला, मेंढीहून उंच आणि लांब मानेचा लोकरीचा प्राणी. असे दोन प्राणी पालघरच्या किनाऱ्यावर, एडवण गावातल्या एका वाडीत राहतात हे मला माझी भाची मृणाल हिच्याकडून कळले. मृणाल पशुवैद्य आहे. जनावरांच्या दातांचे काम करते, बहुतेक घोड्यांचे. तिच्या मदतनिसाचा हात मोडला होता. "मावशी, तू फक्त टॉर्च धर आणि मी सांगेन ते लिही," ती म्हणाली. "तुझं अक्षर चांगलं आहे." अक्षराच्या भरवशावर मी साताऱ्याहून निघाले.

पालघर

माघ संपत आला होता. पालघरच्या बाजारात सकाळच्या गारव्यात कोनफळे, वालाच्या शेंगा आणि सुके बोंबील शेजारी शेजारी मांडलेले होते. मातीचा, हिरव्या देठांचा आणि मिठाचा वास एकमेकांत न मिसळता नाकाशी येत होता. जिल्हा झाल्यापासून या गावाने कचेऱ्यांची सवय लावून घेतली आहे. फायली छातीशी धरलेली माणसे आणि टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका एकाच पदपथावरून, एकमेकांना वाट देत चालतात.

एका खाणावळीत आम्ही उकडहंडी मागवली. कंद, शेंगा आणि वांगी मडक्यात कोंडून शिजवलेली ही इकडची हिवाळ्यातली भाजी. सोबत तांदळाची भाकरी आली. आमच्याकडची ज्वारीची भाकरी दाढेखाली घ्यावी लागते, ही जिभेवरच विरघळली. मी तसे म्हणाले, पण मृणाल हसली नाही.

"मावशी, तिथेही हाच प्रश्न असणार. या प्राण्यांचे दात आयुष्यभर झिजायला हवेत. खरखरीत गवत नसलं की पुढचे वाढत जातात, मागच्या दाढा वाकड्या होतात, फटी पडतात. फटीत घास अडकतो आणि कुजतो. कूज हिरडीतून मुळाशी आणि मुळातून हाडात उतरते."

"आणि बाहेरून?"

"बाहेरून फार तर जबड्यावर एक गाठ. ती दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. शिकार होणारी जनावरं दुखणं दाखवत नाहीत."

मग तिने मला वहीत रकाने आखायला लावले: वय, अंगावरचे मांस, जबड्यावर सूज आहे का, पूर्वी कधी दात तपासले का, खाणे काय, मऊ की भरड. वय वाढते तसा धोका वाढतो. जनावर बारीक असेल तर दात बिघडलेले असण्याची शंका घ्यायची. आणि ज्याच्या तोंडात कधी कुणी पाहिलेलेच नाही, त्याची सर्वात अधिक भीती धरायची. मी रकाने आखत होते, आणि सगळे रकाने एकाच दिशेला उतरत आहेत असे वाटू लागले.

एडवण

केळव्यापुढे रस्ता सुरूच्या बनालगत जातो. वाऱ्याचा आवाज समुद्राचा की झाडांचा, हे सांगता येत नाही. वाड्यांमध्ये पानवेली उंच चढवलेल्या, त्यांच्याखाली दुपारीही हिरवा, पाण्यासारखा अंधार. अल्पाकांच्या मालकांची, तात्यांची वाडी अशीच होती. चिकू, नारळ, पानवेल, आणि पलीकडे पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या. मुंबईचे पाहुणे अल्पाकांसोबत फोटो काढण्यासाठी येत.

तात्या साठीचे, वाडवळ घरातले, पान खाऊन लाल झालेल्या दातांचे गृहस्थ. "या, या डॉक्टरीणबाय! आमच्या गावात लोकं विचारतात, तात्या, ही मेंढी हाय का उंट? मी सांगतो, मेंढीची सासू हाय."

गोठ्यात दोघी उभ्या होत्या. पांढरी ती चांदणी, तांबूस ती भोरी. आम्हाला पाहताच चांदणीच्या गळ्यातून एक बारीक, लांब गुणगुण निघाली, ओठ मिटलेले ठेवून कुणी अंगाई म्हणावी तशी. हा त्यांचा अस्वस्थ होण्याचा आवाज, असे मृणाल म्हणाली. चांदणीच्या मानेला हात टाकून एक बाई उभी होती. ती सुमन, डोंगराकडच्या पाड्यावरची वारली बाई. तिची माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. ती दोन वर्षे गेली नव्हती, कारण या दोघींचे सगळे तिच्याकडे होते.

मृणालने माझा हात धरून चांदणीच्या पाठीवर लोकरीत घातला. तेव्हाच ती कण्याची धार माझ्या बोटांना लागली. मी हात काढून घेतला. मग तिने उजव्या जबड्याखाली बोटे फिरवली आणि थांबली. लोकरीआड सुपारीएवढी कठीण गाठ होती.

"खाणं काय देता?"

"गवत," तात्या म्हणाले. "सुमनच्या गावाकडनं येतं, डोंगराचं. नि पाहुणे चिकू देतात, बिस्किटं देतात. पोरांना मजा वाटते."

"आणि चांदणीला?"

तात्यांनी सुमनकडे पाहिले; त्यांना ठाऊक नव्हते. सुमन खाली पाहत होती. "पेज," ती हळूच म्हणाली. "भाताची. मी हातानं चारते."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासनं."

मृणालने पेन्सिल टॉर्च काढून माझ्या हाती दिला आणि चांदणीच्या ओठाला बोट लावले. त्याच क्षणी सुमनने दोन्ही हातांनी चांदणीचे तोंड झाकून धरले.

"तोंड नका उघडू, बाय. त्येवढं नका."

"हिची ही एकच खोड," तात्या म्हणाले. "तोंडाला कुणाला हात लावू देत नाय. जसा काय मी आता हिला लिलावातच काढतोय!"

सुमनने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती माझ्याशी बोलू लागली, बहुधा माझ्या हातात हत्यार नव्हते म्हणून. त्यांच्या पाड्यावर घरच्या जनावराच्या तोंडात कुणी बोट घालत नाही. ते फक्त बाजारात करतात. व्यापारी येतो, बैलाचा ओठ वर करतो, दोनदाती, चारदाती, जुळलेला असे दातांवरून वय सांगतो आणि दोर हातात घेतो. "माज्या बापाचा बैल असाच गेला. माज्यासमोर दात बगले, माज्यासमोर नेला. आमच्यात दात बगले का जनावर जाय, ताई. म्हणून घरात कोण बगत नाय."

गाठ तिने पावसाळ्यातच पाहिली होती. कुणाला कळू नये म्हणून ती गवत बाजूला सारून पेज चारत राहिली. पेजेवर चांदणी तगली, आणि पेजेमुळेच तिला घास चावता येत नाही हे कुणाच्या लक्षात आले नाही.

तिच्या बोटांवर चांदणीचा श्वास आपटत होता. मला ते पाहवले नाही. मी म्हणाले, "सुमन, इथे कुणी विकत घ्यायला आलेलं नाही. हे औषधासाठी आहे. मी शब्द देते."

तात्यांनी पानाची पिंक टाकण्यासाठी तोंड फिरवले. मृणाल माझ्याकडे क्षणभर पाहत राहिली. सुमनने हात काढले.

तोंड उघडले तेव्हा आधी वास आला. फुलदाणीतले पाणी महिनाभर न बदलता राहावे, तसा गोडसर, जुना वास. मी टॉर्च धरला. वरच्या बाजूला पुढे दात नाहीत, नुसती कठीण हिरडी. खालचे दात पुढे वाढून बाहेर आलेले. आत, खाली, उजवीकडे दोन दाढांमधल्या फटीत काळपट हिरवे काही दाबून बसलेले होते. मृणालने चिमट्याने ते ओढले. डोंगरातल्या पिकल्या गवताची कुसळे होती, सुईसारखी, एकात एक अडकून गुंडाळी झालेली. त्यांच्यामागून पू आला.

"ही दाढ काढावी लागेल," मृणाल म्हणाली. "हाडापर्यंत गेलंय. नाही काढली तर ही काही आठवड्यांत खाणं सोडेल. काढताना गुंगीत पोटातलं पाणी उलटून श्वासात गेलं, किंवा कुजलेलं हाड मोडलं, तर तिथेच जाईल."

हे ती सुमनकडे पाहून म्हणाली. सुमनने मान डोलावली. त्या दुपारी अडचण अशी आली, की तोंड उघडे राहावे म्हणून दाढांमध्ये ठेवायची पाचर घोड्याच्या मापाची होती आणि लहान पाचरेला तडा गेला होता. अल्पाकाचे तोंड चिंचोळे असते. नवी पाचर बनवून घेण्यासाठी दुसऱ्या दिवशी बोईसर गाठायचे ठरले.

रात्री समुद्र ऐकू येत होता, आणि मला वारंवार वाटत होते की कुणीतरी ओठ मिटून गुणगुणत आहे.

बोईसर

बोईसर डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. तारापूरच्या रासायनिक कारखान्यांच्या बाजूने वारा आला की हवेत काहीतरी आंबट, मध्येच उकडलेल्या कोबीसारखे, मध्येच जळक्या तारेसारखे उतरते. टँकरच्या पाठीवर लाल त्रिकोणातली कवटी रंगवलेली असते, आणि तो टँकर चहाच्या टपरीला टेकून उभा असतो. माणसे त्याच्या सावलीत बसून वडापाव खातात. मी रुमाल नाकाला लावला. शेजारच्या बाकावरच्या कामगाराने विचारले, "क्या हुआ माताजी?" त्याला वास येतच नव्हता. दुखणे सवयीत मुरले की ते असे दिसेनासे होते, याची मला रुमालाआड भीती वाटली.

सरावलीच्या गल्लीत, कामगारांच्या चाळींमध्ये, एका लेथवाल्याचा गाळा होता. रामसजीवन त्याचे नाव. गाल फडक्याने बांधलेला. मृणालने कागदावर पाचरेचे चित्र काढले.

"किसके मुँह में जाएगा? ऊँट के कि बकरी के?"

"दोनों के बीच का है," मृणाल म्हणाली.

"तो पहले मेरे मुँह में लगा के देख लीजिए. तीन दिन से दाढ़ मार रही है." तो हसला आणि लगेच गाल धरून गप्प झाला. नायलॉनचा पांढरा गोळा त्याने लेथच्या चकात धरला, आणि खरवडलेल्या दोऱ्या बर्फासारख्या खाली पडू लागल्या. काम करता करता त्याने सहज विचारले, "बेच रहे हैं क्या जानवर? हमारे उधर तो बेचने के टाइम ही दाँत दिखाते हैं."

मी मृणालकडे पाहिले. तिने पैसे मोजून दिले. पाचर पिशवीत पडली. गाडी सुरू झाली. टँकरच्या रांगेत आम्ही अडकलो तेव्हा मी म्हटले, "त्याला 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"कारण उत्तर 'नाही' नाहीये, मावशी." ती रस्त्याकडेच पाहत होती. "तात्यांनी मला बोलावलं ते दाखल्यासाठी. वय आणि दातांची स्थिती. ठाण्याकडचा एक माणूस दोन्ही घ्यायला तयार आहे. सुजेचं मला तिथे गेल्यावर कळलं."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"सांगणारच होते. त्याआधी तू शब्द देऊन मोकळी झालीस."

काच बंद होती, तरी तो वास आत येत होता. मला आठवला सुमनचा हात, माझ्या एका वाक्यावर त्या तोंडावरून सरकलेला. उद्या गुंगीच्या आधी चांदणीला गुडघ्यांवर बसवून मान धरायची होती, आणि ती सुमनशिवाय कुणालाही धरू देत नव्हती. खरे सांगितले आणि सुमन गोठ्यातून निघून गेली, तर चांदणी झटापट करील, झटापटीत जबडा मोडेल. नाही सांगितले, तर मी काय उरेन, हे मला त्या टँकरांमध्ये कळत नव्हते. भीतीला चव असते. ती धातूची असते.

पुन्हा एडवण

सकाळी गोठा झाडून, पाणी मारून ठेवलेला होता. ओल्या शेणाचा, निरगुडीच्या धुराचा वास होता. मृणाल औषधे सिरिंजमध्ये भरत होती. मी सुमनला चिकूच्या झाडाखाली नेले आणि सांगितले. तयार केलेली वाक्ये होती. त्यातले एकही उपयोगी पडले नाही. "मी दिलेला शब्द खोटा होता. मला माहीत नव्हतं, पण खोटा होता. तात्या विकणार आहेत."

तिने गोठ्यातल्या चांदणीकडे पाहिले. मग म्हणाली, "मला म्हाईत व्हतं."

"कधीपासून?"

"तात्या रोज येऊन फोटू काढी. आधी कदी काढला नाय." तिने पदर खोचला. "तुमी शब्द दिला तवा मला वाटलं, तुमाला पन फसवतायत. मी काय बोलू?"

"मग हात का काढलास?"

"तिला दुकतंय ना, ताई."

एवढेच. ती गोठ्यात गेली, गुडघे टेकून बसली, आणि चांदणीच्या कानाशी तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटत तिला बसवले. सुई टोचली. गुणगुण हळूहळू बारीक होत गेली, आणि ती थांबली तेव्हा मला सर्वात अधिक भय वाटले. मान लाकडासारखी जड झाली. नाक उताराकडे ठेवायचे होते, म्हणजे पोटातले पाणी उलटले तर बाहेर पडेल. ते नाक सुमनच्या मांडीवर होते.

पाचर बरोबर बसली. मृणालने दाढेच्या कडेने हिरडी सोडवायला सुरुवात केली. हाडावर लोखंड घासल्याचा आवाज कानाला येत नाही, तो आपल्याच दातांत येतो. मी टॉर्च दोन हातांनी धरला होता. दहा मिनिटे, वीस मिनिटे. मध्येच मृणाल थांबली आणि म्हणाली, "श्वास."

सुमनने ओलसर नाकाशी गाल नेला. वाडीत कुठेतरी नारळाची झावळी पडली. मी मोजत होते, सातपर्यंत गेले. तात्या दारात उभे होते, तोंडात पान होते आणि ते चावत नव्हते.

"आला," सुमन म्हणाली.

दाढ निघाली तेव्हा ती हाताएवढी वाटली. प्रत्यक्षात माझ्या अंगठ्याएवढी होती, मुळाशी काळी, मऊ. मागून आलेला वास सगळ्यांना एक पाऊल मागे सारून गेला, सुमन सोडून. मृणालने पोकळी धुतली, हाड बोटाने चाचपले. "मोडलं नाही," ती म्हणाली आणि तिथेच, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, पाय पसरून बसली.

दुपारी बाराच्या सुमारास चांदणीने मान उचलली. एकनंतर तिने सुमनच्या हातातले कोवळे गवत ओठांनी ओढले, आणि डाव्या बाजूने, अगदी सावकाश, चावले.

मग तात्यांनी कागद पुढे केला. रागाने नाही, थोडे लाजूनच. "डॉक्टरीणबाय, वय नि दातांचं तेवढं लिवून द्या. तो माणूस संध्याकाळी फोन करणार. आता आमाला झेपत नाय हे. माजा मुलगा इकडे राहत नाय. ह्यांचं काय झालं तर मी कुटं जाऊ?" त्यांच्याही आवाजात भीती होती, त्या वाडीत त्या दिवशी भीती सगळ्यांना पुरेल इतकी होती.

मृणालने सांगितले, मी लिहिले. चांदणी, वय अंदाजे चौदा, खालची एक दाढ काढलेली, जबड्याच्या हाडाला इजा, आयुष्यभर दर काही महिन्यांनी दात तपासणे आवश्यक. तात्यांनी वाचले, आणि संध्याकाळची वाट न पाहता स्वतःच बाजूला जाऊन फोन लावला. समोरचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "म्हातारी नको हो मला. तांबडी द्या एकटी. तिचे दात कसे आहेत?"

"एकटी नेली तर दोघी खाणं सोडतील," मृणाल म्हणाली. "हे कळपाचे प्राणी आहेत. चांदणी आत्ता या अवस्थेत एकटी राहिली तर आपण आज काढलेली दाढ वाया गेली."

तात्यांनी फोनवर हात ठेवला. "तिचे दात तरी बगून सांगा. त्यो थांबलाय."

मग सुमन उठली. ती भोरीजवळ गेली, आणि जे तिच्या पाड्यावर कुणी केलेले नव्हते ते तिने केले: अंगठा ओठाच्या कोपऱ्यात घातला, तोंड उघडले आणि घट्ट धरून ठेवले.

"बगा बाय. नीट बगा. येकदम आत. कायतरी असंलच."

तिची नजर मृणालवर होती, आणि मला उमगले की ती किडलेली दाढ मागत होती. मी टॉर्च पेटवला आणि तेच मागू लागले. देवाचे नाव मी सहसा घेत नाही, त्या वेळी घेतले. एखादी फट, एखादे कुसळ, थोडासा वास. भोरीचा श्वास ओल्या गवताचा होता, स्वच्छ. खालचे दात तांदळाच्या दाण्यांसारखे सरळ, आतल्या दाढा एकमेकींना खेटून, हिरड्या गुलाबी. मृणालने प्रत्येक दाढेवरून बोट फिरवले, डावीकडून उजवीकडे, आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे. इतका वेळ तिने चांदणीलाही लावला नव्हता.

"लिही," ती अखेर म्हणाली. "भोरी. वय अंदाजे चार. सर्व दात निरोगी."

मी लिहिले. माझे अक्षर चांगले आले.

सुमनने तोंड सोडले, भोरीच्या ओठावरची लाळ पदराने पुसली आणि विचारले, "काय लिवलं, ताई?"

तात्या दारात फोन धरून उभे होते. मी तिला शब्द शब्द वाचून दाखवले आणि वही मिटली. या वेळी मी तिला कोणताही शब्द दिला नाही.